तीन नंबरची डिस्क

सोमवारी सकाळी साडेनऊला वीज गेली, दहाला आली, आणि त्यानंतर आमच्या रक्तपेढीचा सर्व्हर चालू झाला नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या थकल्या होत्या, हे मला माहीत होतं. बटण दाबलं की केशरी दिवा लागायचा, पंखे अर्धा फेरा घ्यायचे आणि थांबायचे. दुपारपर्यंत मी मनाशी मान्य केलं की मदरबोर्ड गेला. मशीन जुनं होतं, तसला बोर्ड आता मिळत नव्हता.

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत मी काँप्युटर सांभाळते. सांभाळणारी एकटीच. होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, पॉलिटेक्निक केलं, लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर इथे काउंटरवर माहिती भरायचं काम धरलं. पुढे सर्व्हरही माझ्याकडे आला, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. त्यावर विंडोज नव्हतं. युनिक्सच्या घराण्यातली एक मोफत सिस्टिम होती, लिनक्सची चुलत बहीण म्हणावी अशी. माझ्या आधीच्या माणसाने ती बसवली होती. मी वाचून आणि चुकत चुकत शिकले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून मशीनला कामाला लावता येतं, याचा मला आनंद होता. खरं सांगायचं तर थोडा गर्वच होता.

जीवात जीव होता तो डिस्कमुळे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर हुबेहूब तीच माहिती होती. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यांना काही झालेलं नव्हतं. पण त्या खास सर्व्हरसाठी बनवलेल्या होत्या, साध्या काँप्युटरला तसल्या डिस्क जोडताच येत नाहीत. त्यांच्यातलं काही वाचायचं तर दुसरा सर्व्हरच हवा.

यांच्याशिवाय एक तिसरी प्रत असायला हवी होती. दर रविवारी सगळी माहिती एका बाहेरच्या डिस्कवर उतरायची, तशी सोय मीच केली होती. सोमवारी संध्याकाळी मी ती डिस्क काढून पाहिली. शेवटची प्रत दिवाळीच्या आधीची होती. डिस्क भरली होती, आणि तेव्हापासून दर रविवारी मशीन मला तसं कळवत होतं, मी कधीच न उघडलेल्या एका मेलबॉक्समध्ये. आता एप्रिल चालू होता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मंगळवारी ट्रस्टच्या लोकांनी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून वापरलेला सर्व्हर घ्यायचं ठरवलं. बाहेरचा इंजिनियर बोलवायचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गरज नाही, मी करते. रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई तिथेच बसल्या होत्या. साठीच्या, अक्कलकोटकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

बुधवारी सकाळी टेंपोतून मशीन आलं. दोघांनी धरून ते आतल्या खोलीत ठेवलं. पूर्वी ती बाटल्या धुवायची खोली होती. भिंतीला अजून पांढऱ्या टाइल्स आहेत. एसी रक्ताच्या फ्रीजसाठी, म्हणजे पलीकडच्या खोलीत. इकडे एक टेबलफॅन. बाहेर ऊन असं की दहा वाजताच रस्ता मोकळा व्हायचा.

मशीनबरोबर दोन कोऱ्या डिस्क होत्या. समोरच्या खणांत पहिल्या दोन जागी त्या होत्या, आणि मी उरलेल्या दोन जागी आमच्या जुन्या दोन डिस्क सरकवल्या. म्हटलं, नवी सिस्टिम बसली की लगेच माहिती उचलता येईल. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. आज विचारलं तर सांगेन की त्या दोन डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायच्या होत्या आणि किल्ली डॉक्टरबाईंकडे द्यायची होती.

पेनड्राइव्हवरून सिस्टिमचं बसवणं सुरू केलं. भाषा, कीबोर्ड, वेळ. मग कुठल्या डिस्कवर बसवू, असं विचारणारा पडदा आला आणि त्याखाली काहीच नव्हतं. रिकामी यादी. चार डिस्क खणात घुमत होत्या आणि सिस्टिमला त्यातली एकही दिसत नव्हती.

तास-दीड तास शोधल्यावर कारण कळलं. अशा मशीनमध्ये डिस्क थेट जोडलेल्या नसतात. मध्ये एक कार्ड असतं, आणि ते कार्ड कुठली डिस्क सिस्टिमला दाखवायची ते ठरवतं. मशीन सुरू होताना ठराविक बटणं दाबली की कार्डाचा निळा पडदा उघडतो. तिथे जाऊन एकेक डिस्क तयार करून द्यायची. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं की कोऱ्या डिस्क आधी पुसून घ्या, म्हणजे पुढे त्रास होत नाही.

निळ्या पडद्यावर चार डिस्क होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. पहिल्या दोन नव्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एक आणि दोन नंबरवर खूण केली, पुसा म्हटलं, खात्री आहे का विचारल्यावर हो म्हटलं. पट्टी सरकायला लागली. मी पाण्याची बाटली उघडली आणि पिता पिता पडद्याकडे पाहिलं. यादी शून्यापासून सुरू होत होती. शून्य, एक, दोन, तीन. दोन नंबर म्हणजे तिसरी डिस्क. म्हणजे आमची.

मी वायर खेचली. खोली एकदम गप्प झाली. बाहेर काउंटरवर कुणीतरी हसत होतं, ते ऐकू आलं.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. टाइल्सच्या भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, एवढं आठवतं. मग उठून तीन नंबरची डिस्क बाहेर काढली आणि माझ्या ओढणीत गुंडाळून स्टीलच्या कपाटात ठेवली. दोन नंबरचीही काढली. थोडाच भाग पुसला गेला होता, पण तो सुरुवातीचा होता. पुस्तकाची अनुक्रमणिका आणि पहिली प्रकरणं फाडून टाकल्यावर बाकीची पानं कुठली ते कळू नये, तसं. ती माझ्या हातून परत यायची नव्हती. आता सगळ्या रक्तपेढीची माहिती एका डिस्कवर होती, आणि ती चालते की नाही हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी कुठवर आलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, उद्या होईल.

गुरुवारी आठालाच आले. आता कार्डात दोनच डिस्क होत्या, दोन्ही नव्या. निळ्या पडद्यावर त्या तयार करून दिल्या, मग यादीत दिसल्या. सिस्टिम उतरायला लागली आणि मला वाटलं, निदान एवढं तरी. तिसाव्या टक्क्याला मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा केलं. या वेळी साठाच्या आसपास. तिसऱ्यांदा पाच टक्क्यांवरच. पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून दुसरा आणवला. उतरवलेली फाइल अर्धवट असेल म्हणून पुन्हा उतरवली. वीज कमी-जास्त होत असेल म्हणून दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमधून वायर ओढली. दरवेळी वेगळ्या जागी, पण दरवेळी बंद. एकाच जागी अडलं असतं तर त्या जागेबद्दल शोधता आलं असतं. हे कुठेही पडत होतं.

अकराच्या सुमारास काउंटरवरच्या बाईंनी हाक मारली. वळसंगच्या पुढच्या एका गावातले एक गृहस्थ आले होते. मी त्यांना ओळखत होते, आम्ही सगळेच ओळखत होतो. मेंढरं राखणारं घर. त्यांच्या मुलीला लहानपणापासून दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. आता ती एकोणीस वर्षांची होती, बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली. इतकी वर्षं इतक्यांचं रक्त घेऊन तिच्या शरीरात असं काही तयार झालं होतं की गट जुळला तरी कुठलंही रक्त तिला चालत नसे, उलट अपाय करत असे. डॉक्टरबाईंनी दोन वर्षं खपून तिला चालेल असं रक्त असणारे सहा रक्तदाते शोधले होते. तिला नेमकं काय चालत नाही ते आणि ती सहा नावं सर्व्हरमध्ये होती, आणि दिवाळीनंतर भरलेली, म्हणून बाहेरच्या डिस्कवरच्या जुन्या प्रतीत नव्हती.

डॉक्टरबाईंनी त्यांना फाइल आहे का विचारलं. ते म्हणाले, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मूळ कागद जमा केलेत, अजून परत आले नाहीत. ती तपासणी पुन्हा करायची तर नमुना पुण्याला पाठवावा लागतो, दोन दिवस जातात. मुलगी शेजारच्या हॉस्पिटलात होती, हिमोग्लोबिन पाचाच्या खाली, पायऱ्या चढताना दम लागत होता. डॉक्टरबाईंनी नमुना पुण्याला पाठवायची तयारी केली. सहांपैकी एक नाव त्यांना तोंडपाठ होतं. फोन केला तर त्या माणसाने गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं, त्याचं पुन्हा घेता येत नव्हतं.

मी दारात उभी होते. गृहस्थांनी मला पाहिलं.

"ताई, मशीन कवा सुरू हुईल?"

मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत.

"हुईल न्हवं पण?"

मी काही बोलले नाही. ते बाकावर जाऊन बसले. मेंढरं भावाच्या हवाली करून आले होते, असं नंतर काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती, ती त्यांनी सोडली नाही.

मी आत जाऊन सातव्यांदा सुरुवात केली. अठ्ठेचाळीस टक्क्यांवर मशीन बंद पडलं. त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. पर्स घ्यायची, रिक्षा करायची, होटगीला आईकडे जाऊन झोपायचं आणि फोन बंद ठेवायचा. इतकं स्पष्ट दिसत होतं ते की मी पर्स खांद्याला अडकवलीसुद्धा. तिथून बाहेर जायचा रस्ता मात्र एकच, त्या बाकासमोरून.

मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दिवाळीपासून प्रत उतरत नव्हती. काल मी चुकीची डिस्क पुसली. एकच उरली आहे. ती वाचायला लागणारं मशीन उभं राहत नाही, आणि का राहत नाही ते मला कळत नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"उरलेली डिस्क कुठाय?"

"कपाटात."

"आत्तापासून त्या डिस्कला तू एकटीनं हात लावायचा नाहीस."

एवढं बोलून त्या उठल्या आणि माझ्याबरोबर आतल्या खोलीत आल्या. प्लास्टिकचं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. आमच्याकडे रक्ताची पिशवी बाहेर जाताना दोन माणसं लागतात. एक पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा कागदावरचा बघून हो म्हणतो. कितीही घाई असो, एकट्याने पिशवी द्यायची नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तसंच करायचं. जे बटण दाबशील ते आधी मोठ्याने सांग, मी हो म्हटल्यावर दाब. मला इंग्रजी वाचता येतं, बाकी काही कळत नाही, पण नंबर कळतात.

मी त्यांना सकाळपासून काय काय झालं ते सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की आपल्या फ्रीजला जसं तापमान नोंदवणारं यंत्र आहे, फ्रीज बंद पडला तरी आधी काय झालं ते कळतं, तसं या मशीनला काही असतं का. ते स्वतःबद्दल कुठे लिहून ठेवतं का.

असतं. अशा प्रत्येक सर्व्हरला असतं. ते सिस्टिमवर अवलंबून नसतं. मशीनच्या आतच एक छोटी नोंदवही असते. मी ते वाचलेलं होतं. जुनं मशीन इतकं निमूट चाललं की ते बघायची वेळच आली नव्हती, आणि नव्याबरोबर दोन दिवस झगडताना मला ते सुचलंच नाही.

मी कुठलं बटण दाबते ते सांगितलं, त्या हो म्हणाल्या, नोंदवही उघडली. एकाखाली एक, पडदाभर, तेच वाक्य. मेमरीत चूक, अमुक खाच. खालच्या नोंदी आजच्या होत्या, सात. वरच्या आमच्याकडे मशीन येण्याच्या कितीतरी आधीच्या. मेमरीची एक पट्टी आधीपासूनच खराब होती. सिस्टिम उतरताना जेव्हा जेव्हा त्या पट्टीची पाळी यायची तेव्हा मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं.

डॉक्टरबाईंनी खाचेचा नंबर कागदावर लिहून घेतला. मी झाकण काढलं, बोट ठेवून नंबर वाचला, त्यांनी चष्मा वर करून खात्री केली. ती पट्टी आणि तिच्या जोडीची, दोन्ही काढल्या. आठव्यांदा सुरुवात केली. दोघी टक्के बघत बसलो. साठ गेले. नव्वद गेले. पाच वाजायच्या आत पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ आली, आणि मला रडू आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून काही झालेलं नाही.

त्यांचं बरोबर होतं. खरी भीती आता होती. कार्डाने तीन नंबरची डिस्क न पुसता, जशी आहे तशी दाखवायला हवी होती. तशी सोय होती, पण ती निवडली की पडद्यावर इशारा यायचा की माहिती जाऊ शकते. जाईल की नाही, ते कुणी छातीठोक सांगत नव्हतं. मी म्हटलं, बहुतेक नाही जाणार. डॉक्टरबाईंनी बहुतेक हा शब्द तसाच परत माझ्यासमोर ठेवला आणि त्या दिवशी खोलीला कुलूप लावलं. म्हणाल्या, दमलेल्या डोळ्यांनी नाही. जाताना बाकावरच्या गृहस्थांशी कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. ते मान हलवत होते. मुलगी त्या दिवशी ऑक्सिजनवर होती.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही दोघी आलो. रात्री डॉक्टरबाईंनी विचार केला होता. आम्ही कुठलीही नवी तपासणी रुग्णाच्या नमुन्यावर करण्याआधी उत्तर माहीत असलेल्या नमुन्यावर करून बघतो. इथे तसा नमुना होता: मी पुसून बसलेली दोन नंबरची डिस्क, त्याच कंपनीची, त्याच वयाची. ती लावली, तिच्यावर एक फाइल लिहिली. कार्डाकडून ती परत घेतली आणि पुन्हा जशी आहे तशी दाखव म्हटलं. इशारा आला. हो म्हटलं. फाइल जागेवर होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा. तीनदा केलं. तिन्ही वेळा फाइल शाबूत.

मग कपाट उघडलं. ओढणी सोडली. डिस्क खणात सरकवताना त्यांनी माझ्या मनगटाखाली हात धरला. मी नंबर वाचला, तीन. त्या म्हणाल्या, तीन. मी निवडलं. मी म्हटलं, आता हो दाबते. त्यांनी पडद्यावरचा नंबर पुन्हा वाचला आणि त्या म्हणाल्या, हो.

सिस्टिमला डिस्क दिसली. मी फक्त वाचायची परवानगी देऊन ती उघडायची आज्ञा टाइप केली. पडदा थांबला. डिस्कचा बारीक कटकट आवाज येत होता, जो निरोगी डिस्कचा येत नाही. अर्धं मिनिट गेलं, की दोन, मला सांगता येणार नाही. मग ओळी आल्या: जोडीतली एक डिस्क गायब आहे, उरलेली एक चालू आहे, काही फाइली खराब आहेत. आणि त्याखाली आमच्या माहितीच्या फोल्डरचं नाव.

सगळी माहिती नव्या डिस्कवर उतरायला दीड तास लागला. रक्तदात्यांची आणि रुग्णांची यादी पूर्ण होती. खराब झाले ते जुन्या अर्जांचे स्कॅन. त्यातले काही आजही उघडत नाहीत. साडेदहाला मुलीची नोंद पडद्यावर होती, सहा नावांसकट. डॉक्टरबाईंनी स्वतः फोन लावले. दोघे बाहेरगावी होते, एकजण आजारी. होटगीला रेल्वेत काम करणारा एकजण ड्यूटी संपवून थेट आला, गणवेशातच. आवश्यक तपासण्या होऊन संध्याकाळी चारला पिशवी हॉस्पिटलात गेली. नंबर मी वाचला. तसं माझं काम नाही ते, पण डॉक्टरबाईंनी मला वाचायला लावलं.

नंतर त्यांनी चुकांची नोंद करायचं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. चुकीच्या लेबलाची, फुटलेल्या पिशवीची नोंद त्यात होते. मी त्या दिवसांत जे जे केलं ते लिहिलं, दिवाळीपासूनचंही. राजीनामा लिहून आणला होता तोही त्यात ठेवला. त्यांनी रजिस्टरवर सही केली आणि राजीनामा मला परत दिला. म्हणाल्या, काउंटरवरच्या बाईंना हे सगळं शिकव, इथे एकटीनं काही होणार नाही. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. आजवर म्हणाल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. मुलगी बरोबर होती, चालत आलेली, हातात मोबाइल. तिला हॉस्पिटलात पोहोचवून ते नमुना घेऊन काउंटरशी आले तेव्हा मी त्यांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं की त्या दिवशी मशीन बिघडलं होतं हे खरं, पण तुमच्या मुलीची माहिती जवळजवळ गेली होती ती माझ्या हातून. चुकून पुसली मी. एक प्रत वाचली म्हणून निभावलं.

टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"म्हंजे तुमी तवा गप बसला हुता, ते ह्याच्यासाठी व्हय?"

"हो."

मी तिच्या तपासणीचा कागद छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवला होता, तो त्यांना दिला. रक्तदात्यांची नावं देता येत नाहीत, पण तिला काय चालत नाही ते सगळं त्यावर होतं. कुठल्याही रक्तपेढीत तो दाखवता येणार होता. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मुलीचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला लावलं.

"आनि एक द्या," ते म्हणाले. "एक घरात ऱ्हाईल, एक माज्याकडं. आता हितल्या मशीनवर इसंबून न्हाय ऱ्हायचं."

मी आत जाऊन दुसरा छापला.